उजवा कौल, डावा ओठ

खालची वाडी, आचरा
८ नोव्हेंबर २००५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

फोन गणपतच्या दुकानात आणि गणपतचे कान दुकानापेक्षा मोठे, म्हणून पत्र. माझ्या वरच्या ओठावर डावीकडे जो फोड तीन वर्षं खपली धरतो आणि सोडतो, त्याचा तुकडा तपासून आला. कातडीचा कॅन्सर आहे. हा सहसा दुसरीकडे पसरत नाही, पण जागच्या जागी खात जातो, म्हणून कापून काढा, असं डॉक्टर म्हणतात.

कापायला ना नाही गो, पण ओठ वाकडा झाला तर? बाबांच्या मागे बावीस वर्षं जत्रेला देवापुढे साऱ्या गावाच्या वतीने गाऱ्हाणं मी घालतो. बोबडं गाऱ्हाणं देव समजून घेईल, गाव नाही. मग तो मान आपल्या चुलतभावाकडे, गणपतकडे जाणार. तो आरशापुढे सराव करतो म्हणे.

म्हणून देवाला कौल लावला. ऑपरेशन करू का? उजवा, म्हणजे हो. जत्रेनंतर केलं तर? डावा. उन्हाळ्यात? डावा. मलमाने भागेल? डावा. आता पुजारी मला बघून मागच्या दाराने जातो. तुझं मत कळव.

तुझा धाकटा,
तुकाराम

कोल्हापूर
१४ नोव्हेंबर २००५

चि. तुकारामास अनेक आशीर्वाद.

देवाने चारदा सांगून झालं, आता मी सांगते. बुधवारच्या एसटीने बायकोला घेऊन इकडे ये. इथल्या डॉक्टरांना मी सगळं विचारलंय. सुई देऊन तेवढाच भाग बधिर करतात, तू जागा असशील. फोड आजूबाजूच्या थोड्या कातडीसकट काढतात आणि लगेच तपासतात. कडेला रोग दिसला तर आणखी काढतात. मग गालाची कातडी सरकवून टाके घालतात. सूज येईल, गाल काळानिळा होईल, टाके आठवड्याने निघतील. दोन आठवडे तोंड मोठं उघडायचं नाही. हे ऐकून सीतेला किती आनंद होईल ते मला कळव.

बाबांचं तोंड आता तुझ्याच चेहऱ्यावर उरलंय. ते वाकडं झालं तर मला चालेल. तू टाळाटाळ केलीस तर मात्र मी तुला कधी माफ करणार नाही.

वाट पाहणारी,
अक्का

आचरा
६ डिसेंबर २००५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तुझ्याकडे तोंड बंद होतं, म्हणून आतली हकीकत राहिली. सुई झोंबली, पुढे काही कळलं नाही. भीतीने मी बोलतच सुटलो. डॉक्टर म्हणाले, आजवर पुष्कळ ओठ कापले, चालता ओठ पहिलाच. पहिल्या तुकड्याच्या कडेला रोग निघाला, दुसऱ्याची कड साफ. मधला तासभर मी पट्टी लावून बाकावर बसलो होतो, तेव्हा मात्र खरंच रडलो.

ऑपरेशननंतर बाराव्या दिवशी जत्रा. बोलायची बंदी, म्हणून मीच गणपतला चिठ्ठी लिहून गाऱ्हाण्याला उभं केलं. त्याने पीक मागितलं, मासळी मागितली, मुंबईकरांचं बरं मागितलं. मग अडला. विसरला, असं वाटून मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. तर तो रडवेल्या आवाजात देवाला म्हणाला, माझ्या ह्या भावाचा तोंड बरा कर रे म्हाराजा, आणि फुडल्या वर्सा हयसर तेकाच उभो कर.

सगळा गाव होय म्हाराजा म्हणाला. त्यात सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. ओठाला जरा रक्त आलं. डॉक्टरांना सांगू नकोस.

माया आहेच, ती राहू दे.

तुझा,
तुकाराम