राखीव कॅमेरा

९ फेब्रुवारी

त्याचा जाणार. माझा राहिला!

दोन कॅमेरे, एकाच ड्रॉइंगवरून. ड्रॉइंग आम्हा दोघांचं. एक त्याने जुळवला, एक मी. दोन्ही हादऱ्यांच्या चाचणीत पास, थंडीच्या चाचणीत पास. एक यानावर बसणार, दुसरा राखीव म्हणून कपाटात. साहेबांनी फाइल मिटली आणि म्हणाले, "एक नंबरचा जाऊ दे. काय फरक पडतो?"

काय फरक पडतो! नंबर घातले त्या दिवशी चिमणीला ताप होता म्हणून मी घरी होते. हा होता हजर. घेतला एक नंबर.

आणि वर मला म्हणतो, "ताई, तुमचा गेला असता तरी मला तेवढाच आनंद झाला असता." ताई म्हणे! दोनच वर्षांनी तर लहान आहे. मनातल्या मनात मी त्याला गुणी बाळ म्हणते. तोंडावर म्हणण्याची सोय नाही.

१० फेब्रुवारी

कॅमेरा कपाटात ठेवला. कोणी बघत नव्हतं. हातमोज्यातूनच एकदा थोपटला आणि कुलूप लावलं.

२ मार्च

नवरा म्हणाला, "रोज जेवायला बसलं की तोच विषय. मलाच आता संशय यायला लागलाय हं."

म्हटलं, कौतुक करते का मी त्याचं? नावं ठेवते.

"तेच ते," म्हणाला आणि ताटं उचलून घेऊन गेला. याला काय कळणार! त्याच्या बँकेत कोणी कपाटात राहत नाही.

२१ एप्रिल

यान सुटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, हात दुखेपर्यंत. आईचा फोन आला — "तुझा कॅमेरा गेला ना गं वर?"

हो म्हटलं. तिला काय समजावत बसू.

६ जुलै

झाकण उघडलं नाही!

यान पोचलं. लेन्सवरचं झाकण उघडायचा हुकूम आज गेला. फोटो आला तो काळाकुट्ट. पुन्हा हुकूम, पुन्हा काळा. गुणी बाळाचा चेहरा पांढराफटक. कोणीतरी पाणी आणून दिलं, ते हातातच राहिलं. आणि मला आतून उकळ्या फुटत होत्या. इथे खोटं कशाला लिहू? फुटत होत्या.

७ जुलै

साहेब म्हणाले, "कपाटातला काढा. हात लावता येईल असा तो एकच उरलाय."

काढला. व्हॅक्यूम चेंबरमध्ये ठेवला, हवा काढली, वरच्याइतका थंड केला, हुकूम दिला. टक्! उघडला. माझा उघडला! साहेबांनी माझ्याकडे जे बघितलं ना, ते मी घरापर्यंत जपून आणलं.

नवऱ्याला सांगितलं. "छान," म्हणाला, "पण मग त्याचा का अडकलाय?" नेमकं तेच विचारायचं असतं याला.

८ जुलै

सकाळी चिमणीची वेणी घालताना लक्षात आलं. चेंबरमध्ये थंडी सगळीकडून सारखी. वर तशी नाही. झाकणावर ऊन, बिजागरी सावलीत. झाकणाची पिन तापून फुगणार, बिजागरीचं भोक आकसणार — धरली आवळून! चिमणी ओरडली, "आई, केस!" तेव्हा हात सैल सोडला.

म्हणजे चेंबरमध्ये एका बाजूने दिवा लावून बघायला हवं. आणि बघितलं तर माझाही अडकणार. बिजागरी दोघांची एकच आहे.

न बघितलं तर? तर माझा उघडतो, त्याचा उघडत नाही, एवढंच सगळ्यांना माहीत राहील.

दिवसभर गप्प बसले. दुपारी गुणी बाळाने डबा उघडला, नुसता बघितला, झाकण लावून ठेवून दिला. रात्रीपर्यंत तोच डबा डोळ्यांसमोर.

९ जुलै

लावला दिवा. सगळ्यांसमोर. अडकला, गच्च!

मग दिवा बिजागरीवर वळवला. थांबलो. बराच वेळ काही नाही — आणि टक्.

सांगितलं साहेबांना : यान वळवा, बिजागरीवर ऊन पडू दे, मग हुकूम द्या.

"म्हणजे तुमचा गेला असता तरी..."

"अडकलाच असता," मी म्हटलं. कसं म्हटलं ते माझं मला ठाऊक. गुणी बाळ तोंड फिरवून डोळे पुसत होता.

११ जुलै

उघडलं! खड्डे, कडे, सावल्या, दगड न् दगड दिसतोय. इतका सुंदर फोटो मी आजवर पाहिला नव्हता.

मेल्याचा.

३ ऑगस्ट

पेपरात पानभर तो फोटो. खाली गुणी बाळ हसतोय. मी कुठे? "आणि सहकारी"मध्ये. त्याने म्हणे बातमीदाराला माझं नाव दोनदा सांगितलं होतं. कोणी विचारलं होतं याला! अंगाचा नुसता तिळपापड.

आईचा फोन — "तुझं नाव कसं नाही गं?" म्हटलं, जागा नसेल.

१४ नोव्हेंबर

दुसरं यान मंजूर! फोटो इतके चांगले आले म्हणूनच. झाकण मिटलेलंच राहिलं असतं तर आमचं दुकान बंद होतं, साहेब म्हणाले. आणि नव्या यानावर कपाटातला जाणार, बिजागरी बदलून. माझा! आईला मीच फोन केला. "अगं, मग आधी गेला तो कोणाचा?" सांगितलं सगळं. चिमणी पलंगावर उड्या मारत होती, मीही मारल्या.

१५ नोव्हेंबर

माझ्या कॅमेऱ्याला आता राखीव जोडीदार लागणार. गुणी बाळाने स्वतःहून मागून घेतलं. "तुमच्याइतका नीट जमतो का बघू, ताई." मी त्याच्या चेहऱ्यावर माझ्यासारखं जळणं शोधलं — डोळ्यांत, ओठांच्या कोपऱ्यात. एवढंसंसुद्धा नव्हतं. कधीच नव्हतं.

कॅमेरा मिळाला मला. हे असं मन कुठून आणू?