पोटुशी

बोरी, ७ डिसें. १९८६, रवि.
पुण्याच्या मुलांच्या मासिकाचं पत्र. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातला एक प्राणी, मनानंच रचलेला, मुखपृष्ठासाठी हवाय. ‘मुलं दचकली पाहिजेत.’ वीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवतोय, मुखपृष्ठ पहिलंच. समुद्र मी पाहिलेला नाही. तो प्राणीही कुणी पाहिलेला नाही, तेव्हा फिट्टंफाट.

१० डिसें.
मान लांब, पायांच्या जागी चार वल्ही. सौ. म्हणाली, खांदा आपल्या बैलाचा दिसतो. खरंच की. गोऱ्हा सोडला होता मी समुद्रात. खोडला.

१४ डिसें., रवि.
येलदरीला गेलो. धरणावर मासे विकणाऱ्या सखूबाईंना चित्र दाखवलं. हसतील असं वाटलं होतं. त्यांनी हात पुसून कागद धरला आणि विचारलं, कल्ले कुठं आहेत? म्हटलं, हा हवेत श्वास घेतो. त्या म्हणाल्या, मग नाकपुड्या टाळूवर पाहिजेत, नाहीतर दर वेळी सगळं डोकं बाहेर काढावं लागेल. बरोबर! एवढं साधं सुचू नये मला, लाज वाटली.
नंतर पोटावर बोट ठेवून म्हणाल्या, “मास्तर, ही मादी हाय. पोटुशी हाय.”
मी नर म्हणून काढला होता. पोट फुगलं ते हाताच्या चुकीनं.

१७ डिसें.
डोक्यातून जात नाही. असल्या वल्ह्यांनी ही काठावर चढणार कशी? म्हणजे अंडी नकोत, पिल्लं पाण्यातच. किती? पहिल्या श्वासाला त्यांना वर कोण ढकलत असेल? नववीला फुलदाणी काढायला बसवलं आणि मी हाच विचार करत उभा.
नाकपुड्या वर घेतल्या. पोट मुद्दाम नीट रंगवलं. फार दिवसांनी चित्र काढताना असा आनंद झाला.

२० डिसें.
रजिस्टरनं पाठवलं.

६ जाने. १९८७
संपादकांचं पत्र, चित्र सोबत परत. पसंत आहे. मात्र ‘पोट आत घ्या, जबडा उघडा, दात दिसू द्या. पुढच्या आठवड्यात पाठवा, मुखपृष्ठ तुमचंच.’ सौ.नं शेजारी साखर वाटलीसुद्धा.

११ जाने., रवि.
येलदरी. सखूबाईंना सगळं सांगितलं. त्या तराजू धूत होत्या. पाणी झटकत म्हणाल्या, “घ्या की पोट आत. पर पिल्लं कुठं जातील?”
एस.टी. आली.

१३ जाने.
उद्या टपालात पडलंच पाहिजे. दात काढून झाले, सुबक आलेत. पोटापाशी दोनदा ब्रश नेला. पोट झाकायला निळा रंग कालवून ठेवलाय, वाटीत वाळत चाललाय.