दोन युरोंचं मत

प्रिय लोरिस,

बातमी तुला कळलीच असणार. खाली पोन्तेला तुझ्या गॅरेजात येणारं गिऱ्हाईक गाडीचं दुखणं सांगायच्या आधी गावाचं दुखणं सांगतं, हे मला ठाऊक आहे. तरी माझ्या तोंडून ऐक. मी जिंकले. नगराध्यक्षपदासाठी पक्षाची उमेदवार आता तुझी बहीण आहे. सदुसष्ट वर्षांची, गुडघ्यांनी हैराण, जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात राबलेली. आणि आपल्या गावात पक्ष ज्याला उभा करतो तोच निवडून येतो, जूनमधलं मतदान नावापुरतं. फोन केला असता, पण फोनवर तू दोन वाक्यं हवापाण्याची बोलतोस आणि ठेवून देतोस. सव्वीस वर्षं हेच चाललंय. म्हणून कागद घेतला.

उभं राहायचं माझ्या स्वप्नातही नव्हतं. पण वरिष्ठांनी वकील स्तेफानो गुइदेत्तीचं नाव पाठवलं. माणूस हुशार, बूट चकचकीत, आणि पहिल्याच सभेत त्याने सांगून टाकलं की गावातली शाळा परवडत नाही, सप्टेंबरपासून एक्केचाळीस मुलं बसने खाली दरीत जातील. जणू टपालपेटी हलवायची होती. मी मागच्या रांगेत होते. या मुलांच्या आईबापांनासुद्धा मी जेवू घातलंय रे. माझं डोकंच फिरलं. उभी राहिले आणि विचारलं, दुसरं कुणी उभं राहू शकतं का? तो हसून म्हणाला, राहू शकतं की, शंभर सह्या आणा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्याकडे दोनशे चौदा होत्या. मग त्याची माणसं बारमध्ये म्हणू लागली की बाई नगरपालिका लाटण्याने चालवणार. मी म्हटलं, चालवीन. निदान पोळी गोल तरी होईल.

तू पक्ष सोडून गेलास तेव्हाची पद्धत आता राहिली नाही. तेव्हा पक्षाच्या लोकघराच्या माडीवर आपण अकरा जण बसायचो, दार लोटून घ्यायचो, आणि खाली आलो की गावाला उमेदवार कळायचा. आता खाली दिवाणखान्यात टेबल मांडतात. कुणीही यावं, ओळखपत्र दाखवावं, 'मी या पक्षाचा समर्थक आहे' अशा कागदावर सही करावी, दोन युरो द्यावेत आणि मत टाकावं. आधी मलाही हे रुचलं नव्हतं. मत द्यायला पैसे कसले मागता, म्हणून मी समितीत भांडले होते. पण त्या रविवारी दारात उभं राहून पाहिलं आणि मत बदललं. खिशात हात घालावा लागला की माणूस जरा थांबतो. कशासाठी देतोय याचा विचार करतो. आणि एकदा दिले की तुम्हाला जाब विचारायला मोकळा होतो.

अर्थात तमाशेही कमी झाले नाहीत. माडीवरच्या त्या अकरांतला एर्मेस सकाळी आठलाच हजर, आणि दोन युरोंत कॉफी धरलेली आहे की नाही यावर टेबलावरच्या पोरीशी पाव तास हुज्जत. बेकरीवाल्याने पाचाची नोट दिली, एक युरो परत मागितला आणि दोन मतपत्रिका मागितल्या, म्हणे हिशोब बरोबर आहे! झेल्मिराआजी, एक्क्याण्णव वर्षांची, चाकाच्या खुर्चीतून आली. नातवाने तिचे पैसे पुढे केले तर तिने त्याच्या हातावर चापट मारली आणि रुमालाची गाठ सोडून आपले स्वतःचे दिले. मी आत स्वयंपाकघरात होते. हो, त्या दिवशीही. मतदानाच्या टेबलांवर बसणाऱ्यांना दुपारी भोपळ्याचं सारण भरलेले तोर्तेल्ली मीच करून घालते, मग यंदा वकिलाच्या माणसांना उपाशी ठेवायचं का? त्यांनी दोनदा वाढून घेतले आणि मतं त्यालाच दिली. असोत बापडे.

एक गोष्ट मात्र सांगते, तुझ्याशिवाय कुणाला तिची किंमत कळणार नाही. साडेचारच्या सुमाराला टाइल्सच्या कारखान्यातली पोरं आली, आठ-नऊ जण. नीवेस, शाळेच्या स्वयंपाकघरातली माझी जोडीदारीण, दाराशी पर्स उघडून उभी. पर्समध्ये दोन-दोन युरोंची नाणी. प्रत्येकाच्या हातावर एक ठेवत होती, देआन्नाला द्या हं म्हणत. मी पिठाच्या हाताने बाहेर गेले आणि पर्स बंद केली. ती रडकुंडीला आली. म्हणाली, "अगं, ते पलीकडचेही असंच करत असतील, आणि इथे एकेक मत मोलाचं आहे." मी म्हटलं, "ज्याला मी हवी आहे त्याने आपल्या खिशातून द्यावेत. नाहीतर मी नकोच." पाच पोरं नाणं परत ठेवून तशीच निघून गेली. मी परत आत गेले. वाटलं, देआन्ना, शहाणपणापायी शाळा घालवलीस.

आठला टेबलं बंद झाली. हात धुताना एप्रनच्या खिशात काहीतरी खुळखुळलं. माझेच दोन युरो. सकाळी काढून ठेवलेले. मी मतच दिलं नव्हतं! अख्ख्या गावाला मतदानाला पिटाळलं, झेल्मिराआजीला आणायला गाडी पाठवली, आणि उमेदवारीणबाई तोर्तेल्ली वळत बसल्या. एर्मेस खुर्चीवरून पडायचा बाकी होता हसून. पण मला हसू येईना.

मग मोजणी झाली. आपल्या गावातली पेटी आणि पोन्तेची पेटी, दोन्ही मिळून. गुइदेत्ती चारशे सात. मी चारशे नऊ. माझ्या मताशिवाय! लोकांनी मला उचललं रे, खरंच उचललं, गुडघ्यांचा विचार न करता. नीवेस माझ्या गळ्यात पडून हुंदके देत होती, शाळेतली बाई टेबलावर चढून नाचत होती, आणि वकिलाच्या बाजूचा, तोर्तेल्ली खाल्लेला एक जण टाळ्या वाजवत होता. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, कार्लो स्वर्गात असेल तर माफ करेल.

वकिलाने फेरतपासणी मागितली. त्याचा हक्कच होता. सोमवारी सकाळी वरून एक बाई आली, कडक, चष्म्यावरून पाहणारी. तिने मतं पुन्हा मोजली, आणि मग सह्यांच्या वह्या उघडून एकेक नाव मोठ्याने वाचायला लागली, म्हणजे सह्या आणि मतं जुळतात का ते कळावं. चारशे नऊ आणि चारशे सात, शिवाय तीन कोरी. दीड तास नावं चालली होती. लोक कंटाळून पेंगायला लागले होते. पोन्तेच्या वहीतलं अगदी शेवटचं नाव आलं, सहीची वेळ संध्याकाळी सात वाजून बावन्न मिनिटं, आणि तिने तुझं नाव वाचलं.

मला वाटलं माझे कान वाजले. मी टेबलापाशी गेले आणि पाहिलं, तीच ती तिरकी सही. 'या पक्षाला मी पुन्हा एक पैही देणार नाही' असं म्हणून जिना उतरलेला माझा भाऊ, आठला आठ मिनिटं कमी असताना आला, सही केली, दोन युरो दिले. एर्मेस मागून हळूच म्हणाला, "आला का शेवटी." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तू मत कुणाला दिलंस ते मला ठाऊक नाही आणि मी विचारणारही नाही. वकिलाला दिलं असलंस तरी चालेल, जा.

पण ती सही पाहिल्यापासून मला जेवण जात नाही, आणि म्हणून हे पत्र. लोरिस, त्या माडीवर उमेदवारीसाठी तुझं नाव होतं आणि तू सहा विरुद्ध पाच हरलास. सव्वीस वर्षं तू समजतोस की शेवटचा हात एर्मेसने तुझ्याविरुद्ध वर केला. त्याच्या गाडीलाही तू हात लावत नाहीस. एर्मेसने तुलाच मत दिलं होतं. सहावा हात माझा होता. पक्षाचा सेक्रेटरी आदल्या दिवशी घरी आला होता. म्हणाला, नाव वरून ठरलंय, आणि तुझी शाळेतली नोकरी अजून कायम व्हायची आहे ना. कार्लो तेव्हा आजारी होता. हे कारण आहे, सबब नाही. तू माझ्या शेजारीच बसला होतास, पण मान खाली घालून बसला होतास, म्हणून दिसलं नाही. एर्मेसने पाहिलं, आणि त्याने आजवर माझं नाव सांगितलं नाही. मीही नाही. शनिवारी सहाला मी लोकघरात उमेदवार म्हणून पहिल्यांदा बोलणार आहे, आणि शाळेच्या आधी हेच सांगणार आहे, सगळ्यांसमोर. पण ते तुला गिऱ्हाइकाकडून कळू नये. येऊन मला चार शब्द सुनवायचे असतील तर पुढच्या रांगेत ये. तू दोन युरो भरले आहेस, तो तुझा हक्कच आहे.

तुझीच, चुकलेली आणि जिंकलेली बहीण,
देआन्ना