बिनतेलाचा दुधी

आई,

तू जाऊन एकोणीस वर्षं झाली. आज दुपारी खराडीच्या ऑफिसातून अर्धी रजा टाकून वारज्याला घरी आले आणि स्वयंपाकघरात बसून तुला लिहितेय. भीती वाटतेय म्हणून लिहितेय, उगाच शब्द कशाला सजवू. तुझी ती जुनी कावीळ म्हणजे हिपॅटायटिस बी होता, असं आता कळतंय. तोच माझ्या रक्तात निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बहुधा जन्मतानाच आईकडून आला असणार.

तू मार्केट यार्डात गाळ्यावर दिवसभर कांदा निवडून यायचीस आणि मी ताटात उकडलेला दुधी वाढायचे. कावीळवाल्याला तेल, तूप, हळद बंद, हे आपल्या गल्लीत शेंबडं पोरही सांगायचं. दोन वर्षं मी ते इमानेइतबारे पाळलं. तू म्हणतेस, "चमचाभर तूप घाल गं भातावर, घास उतरत नाही." मी म्हणते, "मग मर तूप खाऊन." हो, हेच शब्द. तू भातात पाणी कालवून जेवतेस. पुढे दिवेलागणीला तू उंबऱ्याला अडखळायला लागलीस, तर वर मीच विचारलं, लक्ष कुठे असतं तुझं?

परवा माझं ड जीवनसत्त्व तळाला गेलेलं निघालं. बाई समजावत होत्या, "अहो, हा विषाणू वर्षानुवर्षं लिव्हरमध्ये राहतो. लोखंड गंजावं तशा पेशी आतून गंजतात आणि तो गंज आवरण्यात जीवनसत्त्वं खर्ची पडतात. त्यातली अ, ड, ई तर तेलातुपाशिवाय अंगी लागत नाहीत."

"आणि तेल-तूप बंदच केलं तर?"

"कुणी सांगितलं बंद करायला? आजार वाढलेल्या काहींना मग संध्याकाळी दिसेनासं होतं."

मला तुझा उंबरा आठवला, मी विषय बदलला. गोळ्या घेऊ का म्हटलं, तर म्हणाल्या, मनाने एकही नको, अ जास्त झालं तर तेही लिव्हरला बाधतं. म्हणजे कमी पडलं तरी पंचाईत, जास्त झालं तरी पंचाईत. छान.

पण माझं काय व्हायचं ते होवो. माझी लेक सतरा वर्षांची आहे, तू पाहिली नाहीस. तिच्या वेळी माझं रक्त कुणी तपासलं नव्हतं आणि तिच्या लसींचं कार्ड सापडत नाही. आज सकाळी ती म्हणाली, "मम्मी, जाम दमलेय, कॉलेज स्किप करते." मी तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग बघत राहिले.

"काय बघतेस सारखी?"

"काजळ पसरलंय," म्हटलं.

हे पत्र कुठे टाकणार, तुझा पत्ता कुणाकडे आहे. पण कुणाला तरी सांगायला हवं. परवा निघताना बाईंनी विचारलं, "मुलीची तपासणी केलीत ना?" मी म्हणाले, "केली, काही निघालं नाही." आई, मी तिला अजून नेलेलंच नाही.