रक्त काय गहू न्हाय

लासुर्णे, ता. इंदापूर
१७ फेब्रुवारी २०२२

चि. प्राचीस, तुझ्या आबाचे पोटभर आशीर्वाद.

हितं समदे मजेत. उसाला तोड आलीया. म्हशीला रेडी झाली, कुणाचं म्हणून ऐकत न्हाय, तर तुझी चुलती म्हणती, तू शिकून डॉक्टर हुईस्तवर हिचंच नाव 'डॉक्टर' ठेवू. तुमच्या युक्रेनात, खारकीव्हात अजून बर्फ हाय का? टीव्हीवर परवा लांबलचक टेबलाच्या दोन टोकांना दोन पुढारी बसलेलं दावलं. एवढ्या लांबून बोलणी करायची तर फोन काय वाईट?

हा कागद तुझा बाप फोटो काढून मोबाइलवर धाडंल. तोंडानं बोलायला मला जमंना.

आता मुद्द्याचं. न्हाय, थांब, आधी भिगवणचं सांगतो. काल सोपानकडं गेलो हुतो. माझा पलटणीतला दोस्त, लाकडी पायाचा, हॉटेलात मासे तळतो त्यो. त्याच्या टीव्हीवर रशियाची फौज दिसली. रणगाडे, तंबूतले दवाखाने. मी म्हणालो, "नुसती धमकावणी हाय. बोलणी चालू हायत की." तेवढ्यात बातमीवाला बोलला, सरहद्दीवर रक्ताचा साठाबी नेलाय. सोपाननं गॅस बंद केला आन् माझ्याकडं वळला.

एकाहत्तरच्या नोव्हेंबरात आमी दोघं त्रिपुराच्या सरहद्दीवर हुतो. तवाबी दिल्लीची माणसं देशोदेशी बोलणी करत हुती, आन् आमाला सांगत, सराव हाय. मी लष्करी दवाखान्याच्या भांडारात. एके सकाळी बर्फाच्या पेट्यांतनं रक्ताच्या बाटल्या आल्या. रक्त काय गहू न्हाय साठवायला, तीन आठवड्यांत वाया जातं. सरावाला ते कोण आणतंय? मला कळून चुकलं, लढाई हुणार. त्याच दिवशी सोपान रजेचा कागद घेऊन आला. बायको बाळंत व्हायची हुती. म्हणाला, "जाऊ का?" मी म्हणालो, "मैदान सोडून पळतो व्हय?" त्यानं कागद फाडला. पंधरा दिवसांनी सुरुंगावर पाय गेला.

काल म्हणाला, "बाटल्या आल्या तवाच तुला ठावं हुतं."

"हुकूम हुता. बोलायचं न्हाय."

"आन् आता कुणाचा हुकूम हाय?"

पन्नास वर्षांत पहिल्यांदा विचारलं त्यानं. मग माशाचं ताट पुढं सारून म्हणाला, "खा. आन् घरी जाऊन पोरीला लिव."

प्राची, तुझ्या बापानं तिकीट काढलं हुतं. तू फोनवर विचारलंस, "आबा, येऊ का?" आन् मी चार माणसांत मिशीला पीळ देऊन तेच बोललो, जे सोपानला बोललो हुतो. तू तिकीट रद्द केलंस.

चुकलो, पोरी. मिळंल त्या विमानानं ये. परीक्षा बुडली तर बुडू दे. मैत्रिणींनाबी आण. कुणी पळपुटी म्हणालं तर त्याला माझ्याकडं पाठीव.

वाट बघणारा,
आबा


रेल्वेतून
२४ फेब्रुवारी २०२२

प्रिय आबांना सा. न.

तुमचं पत्र मी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचलं. आम्ही मराठी मुलं सातजण. रेडीच्या नावापर्यंत सगळे खिदळत होते. माझ्या खोलीतली विजयमाला तर सोपानआजोबांच्या रजेपाशीच बॅग भरायला उठली. परवाच्या विमानानं आम्ही सहाजण दिल्लीला आलो. वाटेत सगळ्यांना तुमच्या मिशीचा फोटो बघायचा होता!

आज सकाळी डब्यात आमचे मोबाइल एकदम वाजायला लागले. फौजा आत शिरल्या आहेत. आम्ही एकमेकांचे हात धरून बसलो.

आबा, तिकीट रद्द केलं त्या दिवशी मी खूप रडले होते. तुमचा राग आला होता. हे आत्ताच लिहून टाकते, म्हणजे घरी आल्यावर नुसतं जेवायचं राहील. तुम्ही 'चुकलो' लिहिलंत, तो कागद मात्र मला हवाय, फोटो नको.

इंदापूरचा समर्थ तेवढा मागं राहिला. परीक्षा देऊनच येतो म्हणाला. आता तो भुयारी रेल्वेच्या स्टेशनात आसऱ्याला आहे. मघाशी बोलला, हसत होता. शेजारची एक आजी सगळ्यांना सफरचंदं वाटतेय म्हणे. त्याची आई घरी एकटी आहे. या कागदाचा फोटो आत्ताच बाबांच्या मोबाइलवर पाठवतेय; सोपानआजोबांना घ्या आणि लगेच निघा, तिच्याजवळ बसा. मीही दौंडला उतरून आधी तिकडंच येते.

त्याच्या अंगणात भेटू.

तुमची,
प्राची