सायकालबद्दल विचारायचे राहिले

आधी माफी मागतो. हे लिहायला फार उशीर झाला. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावून सांगितले होते, "बाबा, कागदपत्रं उरकून घ्या." कागद मिळाला तेव्हा चष्मा सापडेना, आणि चष्मा सापडला तेव्हा धीर होईना.

मी, एसेनगुल बैसालोव, वय एक्क्याऐंशी, शिक्षण सातवी, धंदा ड्रायव्हर, राहणार कारा-बुलाक, नारीन प्रांत, हे स्वखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. आज सकाळी घोड्याला पाणी पाजले आणि रश्शात मीठ कमी पडल्याचे पहिल्याच घोटाला ओळखले. साक्षीदार समोर होते.

पहिले. घर, मागची बाग आणि पोस्टातली शिल्लक माझी मुलगी जिपार हिची. पश्चिमेकडची भिंत ओल धरते. तिकडे गाद्या ठेवू नयेत, हे मी वीस वर्षे सांगत आलो आहे.

दुसरे. करडा घोडा माझ्या दिवसांना कापू नये. पाहुण्यांना मेंढी पुरे. घोडा म्हातारा आहे, मांस चिवट निघेल आणि नाव माझे खराब होईल.

तिसरे. शेजारी शामशी याला माझे फावडे. ते त्याने पाट आपल्याकडे वळवण्यासाठी नेले आणि परत केले नाही. आता ते कायदेशीरपणे त्याचे झाले, म्हणजे त्याला झोप लागेल.

चौथे. गाडीची हत्यारे जावयाला. मोठा पाना त्याने हातोडीसारखा वापरू नये.

पाचवे, दुर्बीण. याबद्दल सविस्तर लिहावे लागेल, नाहीतर मागून भांडणे होतील.

ही दुर्बीण जुन्या, देव न मानणाऱ्या सरकारच्या ज्ञानप्रसार मंडळाची; मंडळ मोडले तेव्हा ती माझ्याकडेच राहिली. मी मंडळाची गाडी अकरा वर्षे चालवली. व्याख्याते होते मुकांबेत मास्तर. उन्हाळ्यात मेंढपाळांच्या तळांवर जायचे, संध्याकाळी दुर्बीण लावायची, आणि देव नाही हे मास्तरांनी समजावून सांगायचे. एकदा एका म्हातारीने शनी पाहिला आणि म्हणाली, "अगंबाई, याने तर टोपी घातलीय! कुणी घातली?"

मास्तर म्हणाले, "आजी, टोपी नाही ती. बर्फाचे तुकडे आहेत. आपोआप झालंय सगळं."

"आपोआप? माझ्या घोडीच्या दुधाचं कुमीस तर आपोआप होत नाही बाबा. हात मोडेस्तोवर घुसळावं लागतं."

सगळे हसले. मी नाही हसलो. मास्तर शिकलेले होते, मी त्यांच्या बाजूचा होतो. गाडीत मी विचारायचो, "पण मास्तर, हे सगळं मुळात आहेच कशाला?" ते म्हणायचे, "आहे म्हणून आहे. विज्ञानाने हा प्रश्न मिटवला, एसेनगुल. पुढे बघून गाडी चालव." मी पुढे बघून चालवली.

एकोणऐंशी साली माझी बायको सायकाल गेली. जिपार सहा वर्षांची होती. आमच्यात माती देण्याआधी जनाज्याशी उभा असलेला मुल्ला जमलेल्यांना विचारतो, "हा माणूस कसा होता?" सगळे म्हणतात, "चांगला होता." एवढेच. पण त्या एवढ्यासाठी माणूस जन्मभर शेजाऱ्यांशी नीट वागतो. सायकालने शेवटच्या आठवड्यात माझा हात धरून सांगितले, "तुमचे मास्तर काही का म्हणेनात, माझ्यासाठी विचारायला लावा हं." मी हो म्हणालो.

ती गेली त्याच दिवशी मास्तर आले. "तू मंडळाची गाडी चालवतोस. तुझ्याच दारात मुल्ला उभा राहिला तर मी डोंगरावर कोणत्या तोंडाने बोलू? आणि विचारायचं कुणासाठी? वर कोणी नाही, आपण दोघांनी पाहिलंय."

मी ऐकले. नमाज झाली नाही. मास्तरांनी खड्ड्यापाशी वीस मिनिटे भाषण केले, की पदार्थ निर्माण होत नाही आणि नाशही पावत नाही. भाषण संपल्यावरही तिचे भाऊ जागचे हलले नाहीत. कोणी विचारील म्हणून वाट पाहत होते. कोणी विचारले नाही. मग माती लोटली.

त्र्याण्णव साली तेच मुकांबेत मास्तर पांढरी टोपी घालून नव्या मशिदीचे मुल्ला होऊन आले. तोच आवाज, पाणी पिण्यासाठी तेच मध्येच थांबणे. "अल्लाची इच्छा झाली म्हणून विश्व आहे. कशाला, हे विचारणं उद्धटपणाचं." मी त्यांना बाहेर गाठले. म्हटले, "मग सायकालचं काय?"

"तो काळच तसा होता रे."

"काळाने भाषण केलं नाही. तू केलंस."

"चौदा वर्षांनी मेलेल्या बाईबद्दल विचारायची रीत नाही, एसेनगुल. अल्लाला ठाऊक आहे ती." आणि वर रोज्यांचा चंद्र पाहायला दुर्बीण मागितली! मी दिली नाही.

जिपार शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. तिलाही विचारून झाले. ती म्हणाली, "बाबा, सुरुवातीनंतर काय काय झालं ते बरंचसं सांगता येतं. पण काही आहेच कशाला, ते मला माहीत नाही." मला बरे वाटले. मुकांबेतलाही माहीत नव्हते, याचा राग नाही. विज्ञानाला किंवा धर्माला उत्तर सापडले नसेल तर तो गुन्हा नाही. पण तो दोन्ही वेळा ठामपणे बोलला आणि दोन्ही वेळा मला गप्प केले. पहिल्या वेळेची किंमत सायकालने मोजली. आणि शब्द मी दिला होता, त्याने नव्हे. हेही लिहून ठेवतो.

म्हणून दुर्बीण जिपारच्या शाळेला. अट एकच. तिच्यातून आकाश दाखवणाऱ्याला जे माहीत नसेल, ते माहीत नाही असेच मुलांना सांगावे.

सहावे आणि मुख्य. माझ्या जनाज्याला मुकांबेतनेच उभे राहावे. माझ्याबद्दल विचारू नये. माझ्या जागी विचारावे, "सायकाल कशी बाई होती?" तिला ओळखणारे सात जण अजून गावात आहेत. मी मोजले आहेत. ते उत्तर देतील. मुकांबेतने नकार दिला तर दुसरा मुल्ला आणू नये. नमाज नको, कोणी काही विचारू नये. ती गेली तसाच मी जाईन.

सही: एसेनगुल बैसालोव
साक्षीदार: १. शामशी तुरदुमामबेतोव (फावड्याचे कलम वाचून सही केली) २. बुर्माकान असानोवा, निवृत्त परिचारिका
स्थळ: कारा-बुलाक. दिनांक: २ जून २०१९

मुकांबेत, याची एक प्रत जिपार तुझ्या हाती देईल. तूही शहाऐंशीचा झालास. त्या सातांपैकी दोघे अंथरुणावर आहेत, आणि मला जिना चढताना दोनदा बसावे लागते. भाषण नको, स्पष्टीकरण नको. विचारशील की नाही, एवढेच जिपारजवळ सांग. गवताची कापणी सुरू होण्याआधी कळव. लवकर कळव.