पद्मिनीच्या गोळ्या

चंडीगड, १२ फेब्रुवारी १९८८

ती. ताईस,
रघूचा इतक्या दुरून नमस्कार. आम्ही तिघंही सुखरूप आहोत, पेपरात पंजाबच्या बातम्या वाचून घाबरू नकोस. आईचे गुडघे कसे आहेत?

तू नर्स आहेस म्हणून लाज सोडून विचारतो. छकुलीनंतर इतक्यात दुसरं मूल नको, म्हणून पद्मिनी रोज गोळी घ्यायची. आग्रह माझाच होता. पण चार महिने झाले, भाजी चिरता चिरता मध्येच रडू लागायची. मला वाटलं, रोजच्या झडत्या, नाकाबंदी, कुणाचं मन थाऱ्यावर राहील? इथल्या डॉक्टरीणबाईही म्हणाल्या, "माहौल ही ऐसा है जी."

मग पद्मिनीने रडण्याच्या दिवसांवर खुणा केलेलं कॅलेंडर माझ्यापुढे ठेवलं. पाकिटातल्या शेवटच्या सात गोळ्या नुसत्या लोहाच्या असतात. दर महिन्याला तेवढेच दिवस ती बरी होती. म्हणाली, "बाहेरचा गोळीबार काही माझं पाकीट बघून थांबत नाही."

गोळ्या बंद करून तीन आठवडे झाले. आता ती काळजी मी घेतो. (आईला हे वाचून दाखवू नकोस.) असं खरंच होतं का गं? की आम्ही उगाच बंद केल्या? तुमच्या डॉक्टरांना विचारून लगेच कळव.

काल पुन्हा बाजारात गोळीबार झाल्याची बातमी आली. पद्मिनी छकुलीला घट्ट धरून बसली. मग डोळे पुसून म्हणाली, "आज मी सगळ्यांसारखीच घाबरलेय हो." आणि चहा ठेवायला उठली.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
रघू